भिंतीपलीकडचा दुसरा आवाज

ऑफिसातून आल्यावर लोक मालिका बघतात, मी गाणी शोधते. कुणीतरी आपल्या घरात मोबाईल डब्याला टेकवून स्वतः रचलेलं गाणं म्हणतं, इंटरनेटवर टाकून देतं आणि पुढं ते कुणी ऐकलं का हेही बघायला येत नाही. अशी गाणी मला आवडतात. मागं कुकरची शिट्टी होते, कुणी हाक मारतं, आणि तरी मधेच एखादी ओळ अशी येते की हातातलं काम थांबतं. असं काही सापडलं की मी ते मैत्रिणींच्या ग्रुपवर पाठवते. खाली थोडं लिहिते, काय आवडलं, कुठं नीट ऐका. ग्रुपमध्ये धाराशिवची माझी कॉलेजातली मैत्रीण आहे. ती गाणं शिकवते. मी पाठवलेलं शेवटपर्यंत ऐकणारी बहुधा ती एकटीच.

परंड्याला बदली झाली तेव्हा मला वरच्या मजल्यावर एक खोली मिळाली. मालकीणकाकू खाली राहायच्या. खोलीला अर्ध्यापर्यंत हिरवा ऑइलपेंट, वर चुना, आणि पलंगाजवळच्या भिंतीत एक कोनाडा. त्याचा खालचा कोपरा फुटलेला होता. शेजारचं घर चढावर होतं, त्यामुळे ही भिंत आणि त्या घराची भिंत एकच. खिडकीतून किल्ल्याचा बुरूज दिसायचा. दुपारी वीज गेली की आवाज म्हणून काही उरायचा नाही, लांब स्टँडवर कुर्डुवाडीची गाडी लागल्याची हाळी तेवढी यायची.

एका रविवारी दुपारी जेवून पडले होते. मोबाईल आपोआप एकामागून एक गाणी लावत होता. आपण कुठं आहोत हे त्याला माहीत असतं म्हणतात, त्यामुळे जवळपासचे लोक पुढं येत असतील. एक मुलगा गिटार घेऊन बसला होता. चेहरा अर्धाच दिसत होता. गाणं त्याचंच असावं: दुपारच्या गाडीची वाट बघणाऱ्या माणसाचं, ज्याला कुठं जायचं ते आठवत नाही. चाल साधी होती, आवाज थोडा कच्चा, पण तो ओळ संपवून पुढच्या ओळीला जाण्याआधी बराच थांबायचा आणि ते थांबणं मला आवडलं. मी ते लगेच ग्रुपवर पाठवलं. लिहिलं, ‘ओळींच्या मधली शांतता ऐका.’

मग पुन्हा लावलं, आणि या वेळी त्याच्या मागं बघितलं. हिरवा रंग. चुना. फुटक्या कोपऱ्याचा कोनाडा.

मी मान वळवली. तोच कोनाडा माझ्या डोक्याशेजारी होता. माझी कंगव्याची डबी त्यात ठेवलेली होती.

घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं, माझ्याआधी कुणीतरी इथं राहिलं असणारच. तरी मी पलंगावरून उतरून खाली बसले. ज्या जागी मी झोपते तिथं बसून तो गात होता.

संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. म्हणाली, “छान आहे गं. पण त्याच्याबरोबर गाणारी बाई कोण? तिचं नाव का नाही टाकलं त्यानं?”

“बाई कुठली? एकटाच आहे तो.”

“इअरफोन लावून ऐक. तू ज्याला शांतता म्हणतेस ना, तिथं.”

इअरफोन लावला. पहिल्यांदा काही कळलं नाही. मग, तो थांबला की लगेच, फार खालच्या आवाजात, कुणीतरी त्याचीच ओळ पुढं नेत होतं. शब्द नव्हते. म्हाताऱ्या गळ्याचा, जरा चिरका, पण सुरात पक्का आवाज. तो पुन्हा गायला लागला की आवाज थांबायचा. प्रत्येक ओळीनंतर तसंच. जणू त्याच्या अंगाला टेकून कुणी बसलं होतं.

त्या मुलाची आणखी गाणी होती. याच खोलीत गायलेल्या सगळ्या गाण्यांत तो आवाज होता.

मी गाण्याखाली लिहिलं, ‘सोबत कोण गातंय?’ दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं: ‘ताई, मी एकटाच होतो. गाताना गिटारच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. नंतर मोबाईलवर ऐकलं. त्यामुळंच खोली सोडली.’ थोड्या वेळानं त्यानं पुन्हा लिहिलं, ‘तुम्ही पहिल्याच आहात ज्यांना ते ऐकू आलं. मला वाटत होतं माझंच डोकं फिरलंय.’ तो आता येडशीला आपल्या घरी राहत होता. मी त्याच खोलीत राहते, हे मी त्याला सांगितलं नाही.

मालकीणकाकूंना विचारलं. त्या शेंगा फोडत होत्या.

“ते पोरगं व्हय? लई गुणी. पण घाबरट. भिंत गाती म्हणायचं.”

“भिंतीपलीकडं कोण राहतं, काकू?”

“शेजारचीच म्हातारी हाय की. तिच्या अंगावरून वारं गेलंय, लई वर्सं झाली. वाचा गेल्याली. पाणीसुदिक मागता येत न्हाय तिला, हातानं दावती. ती काय गाणार?”

मी वर आले. दुपार होती, ऊन खिडकीतून कोनाड्यापर्यंत आलेलं. मी ते गाणं इअरफोनशिवाय लावलं, मोबाईल कोनाड्यात ठेवला आणि पहिली ओळ संपल्यावर बंद केला.

काही झालं नाही. खाली काकूंच्या शेंगा फुटत होत्या. मग भिंतीतून तो आवाज आला, ओळ जिथं तुटली होती तिथूनच. मोबाईलमध्ये ऐकणं वेगळं. इथं चुन्याला हात लावला तर तळव्याला बारीक थरथर लागत होती. ओळ संपली आणि आवाज थांबला. तो पुढच्या ओळीची वाट बघत होता, हे मला समजत होतं.  संध्याकाळी शेजारची माणसं रानातून परतल्याची चाहूल लागली तशी मी चप्पल घातली आणि जिना उतरले.

शेजारच्या घरी म्हातारीची सून भाकरी करत होती. तिचा नवरा नुकताच रानातून आला होता. मी सगळं सांगितलं. ती हसली.

“मॅडम, आत्याबाईंच्या तोंडातनं शब्द फुटत न्हाय. आमी दुपारी रानात असतो, त्या एकट्याच असत्यात. दुसऱ्या कुणाचं असंल.”

आतल्या खोलीत, माझ्या भिंतीला लागून, बाजेवर म्हातारी बसली होती. एक हात मांडीवर निपचित. नजर स्वच्छ. मी नमस्कार केला, तिनं बरा हात थोडा उचलला. मी गाणं लावलं. मुलगा गायला, थांबला.

म्हातारी गायली.

सून दारात उभी होती, ती तिथंच खाली बसली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, पण कुणी उठलं नाही. दुसऱ्या ओळीनंतर म्हातारीनं पुन्हा चाल उचलली, आणि या वेळी त्या चालीत शब्द होते. गाण्यातले नव्हते, तिचे स्वतःचे होते. त्या मुलाच्या चालीत ती म्हणाली,

“वारं लागतंय, दार लावा.”

बाजेच्या पायथ्याशी मागचं दार होतं. हवा यावी म्हणून ते कायम उघडं ठेवायचे. म्हातारीचा मुलगा उठला, त्यानं दार लावलं आणि दाराकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला. इतक्या वर्षांत ती किती वेळा हे सांगायला बघत असेल, हे त्या क्षणी आम्हा सगळ्यांच्या मनात आलं असणार. 

पुढं त्यांनी तिला बार्शीला डॉक्टरांकडे नेलं. बोलणं आणि गाणं डोक्यात वेगवेगळ्या जागी असतं, डॉक्टर म्हणाले, काही माणसांचं एक जातं आणि दुसरं राहतं. चालीत विचारा, चालीत सांगतील. त्यामुळे त्या घरात सगळेच गायला लागले. सकाळी मला भिंतीतून सुनेचा आवाज यायचा, लाजत लाजत, “आत्याबाई, च्या घेता का,” आणि मागून तो चिरका सूर, “साखर कमी, साखर कमी.” चाल नेहमी त्या गिटारवाल्या मुलाचीच. ऐकायला गोड होतं, पण मला त्याची भीतीही वाटायची. घरातली माणसं भांडत असली तरी तिच्याशी गाऊनच भांडायची.

मी गिटारवाल्या मुलाला सगळं लिहिलं. तो एका रविवारी येडशीहून गिटार घेऊन आला. तिच्या समोर, बाजेजवळ बसून गायला. ती त्याच्याकडे बघत राहिली, पण तोंड उघडलं नाही. शेवटी तो म्हणाला, “ताई, तुमच्या खोलीत जाऊ का?” तो माझ्या पलंगावर बसला, भिंतीला पाठ लावून, आणि गायला. पहिल्याच ओळीनंतर तिनं साथ दिली. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण गिटार थांबली नाही. ते गाणं त्यानं तसंच टाकलं, खाली लिहिलं, ‘दुसरा आवाज शेजारच्या आजींचा.’ मी ते ग्रुपवर पाठवलं. मैत्रिणीनं आपल्या शिष्यांना पाठवलं. कुणी लिहिलं, भीती वाटली. कुणी लिहिलं, पुन्हा पुन्हा ऐकतोय.

उन्हाळ्यात म्हातारी दुपारी एक नाव घ्यायला लागली. कुणा मुलीचं नाव होतं, माझं नव्हे. सुनेनं सांगितलं, “या नावाचं आमच्यात कुणीच न्हाय. माहेरीबी विचारलं. भिंतीकडं तोंड करून हाका मारत्यात.” ती बोलत होती माझ्याशी, पण बघत होती माझ्या खोलीच्या बाजूला.

मी ऐकत राहायचे. दोन सुरांत तीच हाक, मग थांबणं, मग पुन्हा तीच हाक. मी पंखा मोठा करून बघितला, इअरफोन घालून बघितले. एका दुपारी ऑफिसला सुटी होती, हाक आली आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी भिंतीजवळ गेले आणि त्याच सुरात म्हणाले, “ओ.”

पलीकडं एकदम शांत झालं.  मग हळूच, अगदी भिंतीला ओठ लावल्यासारखी, ती गायली,

“जेवलीस का गं?”

मी म्हटलं, “जेवले.”

“बरं झालं,” ती गायली, आणि बाज करकरली. ती आडवी झाली असावी.