झोपायच्या खोलीचं बटण

पर्थहून मुलाने पाठवलेलं खोकं नोलाने माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपटलं. "हे घे, आमच्या डॉमिनिकचं प्रेम," ती म्हणाली. "स्मार्ट स्विच. इतके हुशार की भिंतीत मावत नाहीत."

मी चहा ठेवला. नोला ग्रेक आमची शेजारीण. शाळेच्या कँटीनमध्ये तिने उभा जन्म काढला, आणि गावातल्या निम्म्या बाप्यांना आजही त्यांच्या लहानपणच्या खोड्यांवरून ओळखते. नवरा साल्वू साखर कारखान्यातला फिटर. मे महिन्यात त्याला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. बोलणं परतलं, पण एकेक शब्द विहिरीतून काढल्यासारखं. तेव्हापासून तो किनाऱ्यावरच्या इस्पितळात आहे.

घरी सोडायचं की नाही हे ब्रॉनवेन ठरवणार होती. ती तिथली थेरपिस्ट. गुरुवारी साल्वूला घेऊन ती घर बघायला येणार होती. पलंगावरून न उठता त्याला खोलीतला आणि मागच्या व्हरांड्यातला दिवा लावता आला पाहिजे, ही तिची अट, कारण संडास व्हरांड्याच्या टोकाला. नाही जमलं तर नर्सिंग होम, आणि जागा शिल्लक होती ती पार टाउन्सव्हिलला. नोला हायवेवर गाडी चालवत नाही. म्हणजे नवरा दिसणार कधी, तर कोणी नेईल तेव्हा.

"टेबललॅम्प ठेव ना," मी म्हटलं.

"ठेवला होता की. मागल्या खेपेला साल्वूला दिवसभरासाठी घरी आणलं तेव्हा त्याने तो डाव्या हाताने चाचपला आणि खाली पाडला. शिवाय उजेड पलंगाशी पडून काय करायचाय? पाय ठेवायचाय तो व्हरांड्यात."

घर खांबांवर उभं, लाकडी, साल्वूच्या बापाने बांधलेलं. आतल्या भिंती एका फळीच्या. अलीकडे झोपायची खोली, पलीकडे बसायची, मध्ये अंगठ्याएवढ्या जाडीची पाइनची फळी. डॉमिनिकचा स्विच म्हणजे पाठीवर सामान बांधलेला प्राणी. फळीत बसवला तर त्याची पाठ बसायच्या खोलीत टीव्हीशेजारी निघायची.

शिवाय बसवणार कोण? इथे स्वतः वायरला हात लावणं कायद्यात बसत नाही, आणि गाळपाच्या दिवसांत इलेक्ट्रिशियन मिळणं त्याहून कठीण. जो तो कारखान्यावर. नोलाने सगळ्यांना फोन केले. एकाने सांगितलं, नोव्हेंबरात बघू. दुसऱ्याने घर किती जुनं ते विचारलं आणि ऐकून फोन ठेवला. तिसरा येतो म्हणाला, नोलाने त्याच्यासाठी भोपळ्याचे स्कोन, म्हणजे गोडसर छोटे पाव केले, आणि ते शेवटी आम्हीच खाल्ले.

"नवऱ्याला झटका आला तो गाळप सुरू होताना," नोला म्हणाली. "थांबला असता जरा तर काय बिघडलं असतं. पण त्याला कधी माझी सोय कळलीय?"

मग टेगन व्हॉस आली, कारखान्यातली इलेक्ट्रिशियन, तिच्या सुट्टीच्या दिवशी. धिप्पाड, उन्हाने नाक सोललेलं. लहानपणी कँटीनमध्ये नोलाच्या हातचे खिमा भरलेले मीट पाय खाऊन वाढलेली. तिने मेन बंद करून जुनं बटण उघडलं. आतून वाळलेली पाल पडली.

"भाडेकरू," टेगन म्हणाली.

"साल्वूला सांगू नकोस. तो घरातल्या पालींना नावं देतो."

टेगनने टॉर्च लावून बराच वेळ आत पाहिलं. "नोला, इथे न्यूट्रलच नाही, परतीची वायर. एक वायर वरून येते, दुसरी वर जाते, बस. या स्विचला जागं राहायला न्यूट्रल लागतो. तो आहे वर, दिव्यापाशी."

"म्हणजे?"

"म्हणजे हे खोकं पर्थला परत."

"तू ये, म्हणून तुझ्या आईला गळ घातली ती हे ऐकायला?"

"बोलू तर द्या बाई. स्विच नको. दिव्याच्या मागे छतात, बटणाचा इशारा ओळखणारी छोटी डबी बसवते. साल्वूच्या पलंगाला बॅटरीचं बटण चिकटवते, डाव्या हाताशी. दाबलं की दोन्ही दिवे लागतील. फक्त भिंतीवरची बटणं काढून टाकू."

नोला दारात आडवी उभी राहिली. "ती काढायची नाहीत. तुझी डबी बिघडली तर? वादळात बॅटरी कुठे शोधू?"

"मग ती कायम चालू ठेवा. भिंतीवरून बंद केलं की वरच्या डबीची वीजच जाते. साल्वूने कितीही दाबलं तरी काही होणार नाही."

"कळलं. मला काय लहान पोर समजतेस?"

टेगन छतात चढली. खाली येईतो केसांत जाळी, मानेवर उंदरांच्या लेंड्या. पण बटण चाललं. नोलाने पलंगावर आडवं होऊन ते दाबून पाहिलं, परत दाबलं, आणि बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला.

गुरुवारी मी होतेच. नोला सकाळपासून घर पुसत होती, या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून व्हरांड्यात. टेगनही कामावर जाता जाता थांबली होती. ब्रॉनवेनने साल्वूला चाकाच्या खुर्चीतून रॅम्पवरून वर आणलं, पलंगावर झोपवलं, पडदे ओढले.

"हं साल्वू, संडासला जायचंय. लावा दिवा."

त्याने डावा हात सरकवला. बटण सापडलं. दाबलं. काही नाही. परत दाबलं. कपाळावर घाम आला.

"नीट दाब ना," नोला म्हणाली. "काल चालत होतं. ए टेगन, काल चालत होतं ना? हे कसलं भिकार सामान बसवलंस तू?"

टेगन नुसती दाराजवळच्या भिंतीकडे पाहत राहिली. मीही पाहिलं. बटण बंद होतं. खोलीतून बाहेर पडायचं आणि बटण बंद करायचं, इथली माणसं प्लगचंसुद्धा बटण मारल्याशिवाय घर सोडत नाहीत. नोलाचा हात तर कँटीनच्या फ्रीजपासून याच वळणाचा.

"नोला," साल्वू म्हणाला. मग श्वास घेतला. "तू."

नोलाने भिंतीकडे पाहिलं आणि मटकन खुर्चीवर बसली.

"यंत्र ठीक आहे," ती ब्रॉनवेनला म्हणाली. "माझा हात बटणाकडे गेला. परत नाही जाणार."

"नोला, मला तुमच्याबद्दल शंका नाही," ब्रॉनवेन म्हणाली. "पण तुम्ही परसात असाल, विसरलेल्या असाल, आणि हे अंधारात उठले तर? मी होय म्हणू शकत नाही."

नोला पदराशी करावा तसा ॲप्रनशी चाळा करत राहिली, मग टेगनकडे वळली.

"काढ ती."

"नक्की? मग तुम्हालाही दिव्यासाठी पलंगाचंच बटण."

"काढ म्हटलं ना. वाद घालत बसलीस तर तुझं गाळप संपेल."

टेगनने मेन बंद केलं, आधी इथलं, मग व्हरांड्यातलं बटण उतरवलं, आतल्या वायरी जोडल्या आणि वर कोरी झाकणं ठोकून मेन पुन्हा चालू केलं. ब्रॉनवेनने दार लोटून खोली पुन्हा अंधारी केली. साल्वूने दाबलं. खोलीत उजेड पडला, मागे व्हरांड्यातही. त्याने बंद केलं, पुन्हा लावलं. ब्रॉनवेन व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन आली.

"सोमवारी आणते घरी," ती म्हणाली.

नोलाने डोळे पुसले आणि लगेच कोऱ्या झाकणावर राग काढला. "झालं. आता माझ्याच घरात दिवा लावायला मी कोणाची परवानगी घ्यायची?"

साल्वूने बटणावरचा हात उचलला नाही.

"माझी," तो म्हणाला.