डाव्या अंगावर बसलेला बैल

मला माझ्या बायकोचा हेवा वाटतो. शेजाऱ्याचा वाटला असता तर दार लावून घेता आलं असतं. हिच्या हातचं मी दोन्ही वेळा जेवतो.

रेल्वेच्या सिग्नल खात्यात माझा जन्म तारांमध्ये गेला. निवृत्त झालो, हात रिकामे झाले आणि चिडचिड वाढली. मग एकदा मोबाइलवर लोकरीचे प्राणी करण्याचा व्हिडिओ पाहिला. आत तारेचा सांगाडा करायचा, वर लोकर गुंडाळायची आणि बारीक काटे असलेल्या सुईनं ती टोचत राहायची. टोचून टोचून लोकर घट्ट होते, तिला अंग येतं. तार तर माझ्या हातातलीच होती. मी सुया मागवल्या, परदेशी मेंढ्यांची मऊ पांढरी लोकर कुरिअरनं मागवली, सुईखाली धरायला स्पंजचा ठोकळा आणला आणि जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची बाजू बळकावली.

"साठी बुद्धी नाठी," बायको म्हणाली आणि जेवणाची ताटं दुसऱ्या बाजूला सरकवली.

पहिल्या महिन्यात लोकरीपेक्षा माझी बोटंच जास्त टोचली गेली. पण शिकलो. ससा जमला, मांजर जमलं, मग हत्तीही. लोणावळ्याच्या बाजारात एका चिक्कीवाल्याशी माझी जुनी ओळख आहे. त्यानं गल्ल्याशेजारच्या काचेच्या कपाटातली एक फळी मला दिली, विकायला नाही, नुसती मांडायला. गिऱ्हाईक दोन मिनिटं थांबतं, तेवढाच त्याचा फायदा. रोज संध्याकाळी फिरायला जायच्या निमित्तानं मी त्या दुकानात जाऊन उभा राहायचो. कुणी विचारलं की म्हणायचो, "मीच करतो हे." त्या तीन शब्दांची मला चटक लागली होती.

मग मी बैल करायला घेतला. बसलेला बैल. आठवडाभर खपून केला आणि मोठ्या अभिमानानं टेबलावर ठेवला. बायको भाजी निवडता निवडता उठून आली, बैलाकडे पाहिलं आणि तिचं हसू काही थांबेना. ती सुदुंबऱ्याची, शेतकऱ्याघरची. एरवी माझ्यासारखंच बोलते, पण हसायला लागली की माहेरची बोली तोंडात येते.

"अवो, ह्यो बैल हाय का कुत्रं? बैल कुटं असा बसतो व्हय?"

"मग कसा बसतो?"

तिनं पदर खोचला आणि गुडघे दुखत असतानाही फरशीवर बसून दाखवलं. बैल आधी पुढचे दोन्ही गुडघे टेकतो, क्षणभर तसाच थांबतो, मग मागचा भार एका अंगावर सोडून देतो. उठताना मात्र आधी मागून उठतो. मी माझ्या बैलाचे पुढचे पाय ताठ ठेवून त्याला ढुंगणावर बसवलं होतं. "आन् कान शिंगाच्या वर लावल्यात!" असं म्हणून ती पुन्हा हसली.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी त्या बैलाची सगळी लोकर ओरबाडून काढली आणि तारेचा सांगाडा टोपलीत फेकला. "एवढं कळतं तर तूच कर," असं म्हणालो. हे बोलायला नको होतं, कारण तिनं खरंच केला.

तिच्या भावाच्या शेतात दिवाळीनंतर धनगराच्या मेंढ्या बसतात. रानाला खत मिळतं, धनगराला दाणे मिळतात. त्या मेंढ्यांची पिशवीभर लोकर तिनं भावाकडून आणवली आणि रिठ्याच्या पाण्यात धुतली. लोकर जाड, राकट, कुठे करडी तर कुठे मळकट पांढरी. माझ्या मऊ लोकरीपुढे ती गोणपाटासारखी दिसत होती आणि मला बरं वाटलं. मग तिनं टोपलीतून माझाच टाकलेला सांगाडा उचलला, पुढचे पाय हातानं आत मुडपले आणि दुपारी टीव्हीवरची मालिका बघता बघता टोचत बसली. आयत्या बिळावर नागोबा, मी मनात म्हटलं.

बारा दिवसांनी टेबलावर बैल बसला होता. डाव्या अंगावर कलंडलेला, वशिंड जरा झुकलेलं, डोळे अर्धे मिटलेले. तीच राकट लोकर आता बैलाच्या कातड्यासारखी दिसत होती. माझा ससा, माझा हत्ती, सगळी खेळणी वाटायला लागली. मला आनंद व्हायला हवा होता. मला पोटात दुखलं. चाळीस वर्षं तार हाताळणारा मी, आणि भाजी निवडणाऱ्या बाईनं मला बारा दुपारांत मागं टाकलं होतं.

"न्या की दुकानात," ती म्हणाली. मी नेला आणि हत्तीच्या मागे ठेवला. दुसऱ्या दिवशी चिक्कीवाल्यानं तो उचलून पुढे मांडला होता.

श्रावणातली गोष्ट. मी दुकानात उभा होतो. बाहेर पाऊस होता आणि छत्री घरीच विसरली होती. टोपी घातलेले एक आबा नातवंडांसाठी चिक्की घ्यायला आले आणि काचेपाशीच थबकले. मग कपाटासमोर वाकून बघत राहिले.

"ह्यो बसलाय बगा! आमचा अस्साच बसायचा, डाव्या अंगावर. कुनी केला ह्यो?"

चिक्कीवाल्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. बैल कुणी केला हे त्याला तरी कुठे माहीत होतं? आबांनी माझ्याकडे पाहिलं. सांगाडा माझाच आहे की, असं माझ्या मनात आलं आणि मी म्हणालो, "मीच."

आबा नवलाख उंबरे गावचे. त्यांचा शर्यतीत गाड्याला पळणारा बैल यंदा म्हातारपणानं गेला होता. मुलगा कंपनीत कामाला, दावण रिकामी. "आता पोळ्याला कुनाची पूजा करू? त्योच करून द्या मला. येवडं करा." त्यांनी खिशातून बैलाचा फोटो काढून माझ्या हातात ठेवला. आमच्या मावळात पोळा भाद्रपदातल्या अमावास्येला असतो. मी हो म्हणालो. भिजत घरी आलो तर माझी छत्री दाराशी उघडी ठेवलेली, निथळत होती. बायको भाजीला जाऊन आली असेल असं मला वाटलं.

त्यानंतर मी चार बैल केले. पहिल्याचा गुडघाच मोडला. दुसरा बसल्यासारखा दिसण्याऐवजी पडल्यासारखा दिसत होता. तिसऱ्यासाठी तिच्या पिशवीतली लोकर न विचारता घेतली, तरी काही उपयोग झाला नाही. चौथा बैल मेंढी दिसायला लागला. हिला विचारावं असं रोज वाटायचं आणि रोज जीभ अडायची. विचारलं असतं तर दुकानातलं सगळंच सांगावं लागलं असतं. शेवटी गणपती गेले आणि पितृपक्ष लागला. तेव्हा एका दुपारी मी आबांच्या बैलाचा फोटो टेबलावर मुद्दाम उघडा ठेवला आणि वळवण धरणापर्यंत चालत गेलो. परत आलो तेव्हा तिच्या हातात सुई होती. फोटो समोर भांड्याला टेकवलेला. कुणाचा बैल, कशासाठी, काहीच तिनं विचारलं नाही. मला हायसं वाटलं, आणि ती विचारत नाही याचाही राग आला.

"शिंगं तेवढी तुम्ही करा," चार दिवसांनी ती म्हणाली. "माझ्यानं तार एवढी बारीक वळत नाही."

मी शिंगं केली. चांगली झाली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आबा घरी आले. मी बैल त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उचलून फरशीवर ठेवला आणि स्वतः त्याच्या शेजारी मांडी घालून बसले. एका बोटानं त्याच्या गळ्याखाली खाजवलं.

"लय लबाड व्हता. मी भाकर घिऊन आलो की नुसती मान उचलायचा. उठायचा न्हाई." त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले.

त्या हातांनी फक्त शिंगं केली होती. बायको चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, कपांकडे बघत होती.

"आबा, बैल हिनं केलाय," मी म्हणालो. "दुकानातलाही हिचाच. मी खोटं बोललो तुमच्याशी."

आबांनी माझे हात सोडले. रागानं नव्हे, आता त्यांचं काम नव्हतं म्हणून. ते तिच्याकडे वळले.

"कुटली गं तू?"

"सुदुंबऱ्याची."

"मंग बरूबर हाय," आबा म्हणाले.

पुढचा तासभर दोघं बोलत होती. तिच्या वडिलांची जोडी कशी होती, यांचा बैल शर्यतीच्या कुठल्या घाटात पळला, कोणता बैल कुणाला हात लावू देत नसे. तिच्या तोंडी सगळी माहेरची बोली आली होती आणि ती वीस वर्षांनी लहान दिसत होती. मी बिस्किटं आणून ठेवली. माझ्या चहावर साय आली. खरं बोललं की मन हलकं होतं म्हणतात. माझं काही झालं नाही. ते पाणावलेले डोळे, ते कपाळाला लावलेले हात हिच्या वाट्याचे होते, आणि ते परत करताना मला जिवावर आलं होतं.

आबा टॉवेलात बैल गुंडाळून, छातीशी धरून गेले. बायको कप विसळायला लागली.

"पस्तीस दिवस लागले तुम्हाला," ती म्हणाली.

"कशाला?"

"त्या दिवशी छत्री द्यायला आले होते मी. दुकानाच्या पायरीवरच उभी होते."

"मग बोलली का नाहीस?"

"परक्या माणसापुढं तुम्हाला खोटं पाडू?"

"आणि तरी बैल करून दिलास?"

"तो आबांचा होता," ती म्हणाली आणि कप पालथे घालायला लागली.

इतके दिवस मला वाटायचं, मला हिच्या हातांचा हेवा वाटतो. हातांचं काय, सवयीनं माझेही वळतील. पण तिच्या जागी मी असतो तर पस्तीस दिवस सोडाच, त्या पायरीवर पस्तीस सेकंदसुद्धा गप्प उभा राहिलो नसतो.