चंदनाच्या हारातल्या वत्सलाताई

माझी फजिती सांगते, पण हसायचं ते तोंडावर हसा. मला वाटलं होतं, अंधाऱ्या खोलीत जुने अल्बम चाळत, जगाने विसरलेली एक अभिनेत्री बसलेली असेल आणि मी तिला पुन्हा प्रकाशात आणीन. गेले तर दार सताड उघडं, आणि समोरच्या भिंतीवर तिच्याच फोटोला चंदनाचा हार. आता सांगा, तुम्ही काय समजला असता? मीही तेच समजले. पुढचं मात्र तुम्ही केलं नसतं.

मी शाळेच्या वयापासूनच घरापासून लांब, डेहराडून-दिल्लीकडे शिकलेली. परत आले ती भोर तालुका बदलायच्या इराद्याने. उत्रोलीला शाळेतल्या मुलींचं नाट्यशिबिर ठरवलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, वत्सलाताई येणार असतील तरच वर्ग देते. वत्सलाताई म्हणजे मालिकांमध्ये अधूनमधून परत येणारी पात्रं वर्षानुवर्षं करून गावी स्थायिक झालेल्या. कुठे नर्स, कुठे मावशी, कुठे थोरली सून. मी त्यांची एकही मालिका पाहिली नव्हती, चेहरा फक्त एका जुन्या फोटोतून माहीत.

तर मागच्या भातखाचरातून एक बाई आली. पांढरे आखूड केस, जाड चष्मा, कोपरापर्यंत चिखल. बहीण असणार, मी ठरवूनच टाकलं. फोटोला हात जोडले आणि म्हटलं, "फार वाईट झालं. लहानपणापासून यांच्या सगळ्या मालिका बघत आले मी."

"लोकांना अजून हळहळ वाटते," बाई म्हणाली. "बस. चहा टाकते."

"कशाने गेल्या?"

"जिन्यावरनं ढकललं. धाकट्या जावेनं."

"कुणी बघितलं नाही?"

"सगळ्यांच्या समोर ढकललं की. चार वेळा."

"चार वेळा?"

"पहिल्या तीन वेळी पडणं नीट जमलं नाही."

त्या जावेचं पुढे काय झालं, विचारलं. ती येते अधूनमधून, चकल्या घेऊन, असं उत्तर मिळालं. बाई हात धुवायला गेली.

दडपलेला खून! घर गप्प, गाव गप्प. अशा मौनावर मी विद्यापीठात वीस पानी निबंध लिहिला होता, आता गप्प कशी बसणार? अंगणात जाऊन आधी पोलिसांना फोन लावला, मग मुख्याध्यापिकांना. त्या म्हणाल्या, अहो, कालच बाजारात भेटल्या मला. मी म्हटलं, म्हणजे प्रकरण ताजं आहे.

हवालदार जवळच कुठेतरी होते, लगेच मोटारसायकलवर आले. "मयत कोन?" मी फोटोकडे बोट दाखवलं. त्यांनी फोटो बघितला. मग आतून कप घेऊन येणाऱ्या बाईकडे बघितलं.

"अवो ताई," ते मला म्हणाले, "मयतानंच तर च्या केलाय. घ्या, गार व्हतोय."

खुलासा झाला तो असा. थोरली सून मेली ती मालिकेत, चौथ्या टेकला. तिचा हा फोटो हार घालून मालिकेतल्या घराच्या भिंतीवर लटकला. दर सणाला मालिकेतल्या नवऱ्याच्या स्वप्नात यायला ताईंना पुन्हा बोलावणं यायचं. मालिका संपल्यावर फोटो घरी आला, हारासकट. त्या पडल्या तेव्हा हवालदारांच्या आईने दोन दिवस चूल पेटवली नव्हती म्हणे.

"मग आता तरी हार काढा ना," मी म्हटलं.

"काढला होता. लोक ओळखेनात."

वत्सलाताईंनी चष्मा पुसला. "जिन्यावरनं पडले ते अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. तू लहानपणापासून कुणाच्या मालिका बघत होतीस?"

शिबिर हातातून गेलंच होतं, तरी चाचरत विचारलं, शिबिराला याल का?

"येईन," त्या म्हणाल्या. "पण फक्त दिवा लावायला नाही. तिथं शिकवणार कोण आणि शिकणार कोण, तेवढं उद्या मुख्याध्यापिका बाईंना लिहून दे."

शिबिराच्या पत्रकावर मार्गदर्शक म्हणून माझं नाव होतं, ठळक अक्षरात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते खोडलं, तिथे वत्सलाताईंचं घातलं, आणि सातवीच्या मुलींच्या यादीत सगळ्यात खाली माझं लिहिलं.

मुख्याध्यापिकांनी यादी वाचली आणि म्हणाल्या, "पालकांची सही लागेल."