मीडियमचं माप

तो गाऊन मी स्वतः शिवला होता, तरी हातात धरवत नव्हता. गुळगुळीत, गार, पालीच्या पाठीसारखं कापड. घाम टिपायचं नाही, पाणी टिपायचं नाही, दूध तर नाहीच नाही. रंग आजारी माणसाच्या जिभेवर शोभेल असा. छातीच्या दोन्ही बाजूंना शिवणीत लपवलेल्या चेन, आणि पोटावर, जिथे ऑपरेशनचे टाके असतात नेमक्या त्याच जागी, मागून आवळायचा पट्टा. 'नव्या आईसाठी' असं खोक्यावर छापलं होतं. खोक्यावरची बाई दात काढून हसत होती. पोट सपाट, केस नुकतेच धुतलेले आणि हातातलं पोर कुणाचं तरी उसनं आणलेलं.

आमच्या कारखान्यात बायकांचे घरात घालायचे कपडे होतात. मी सॅम्पलच्या खोलीत आहे. नवीन डिझाइन आलं की पहिला कपडा मी शिवते. तो एका जिवंत बाईच्या अंगावर घालून बघतात, कुठे ओढतोय, कुठे झोल पडतोय ते ठरवतात, आणि मग त्यावरून लहानमोठी मापं काढून हजारोंनी माल निघतो. ती जिवंत बाई म्हणजे आमची मीडियम. तिचं खरं नाव तिच्या नवऱ्याला तरी आठवत असेल की नाही कोण जाणे. तिचं अंग मधल्या मापाला असं चपखल बसायचं, की आल्यापासून सगळे तिला मीडियमच म्हणायचे आणि तिलाही त्याचं कौतुक.

"मावशी, बाजारात ज्या ज्या बाईला मीडियम होतो ना, ती माझीच बहीण," असं म्हणायची.

काम म्हणाल तर उभं राहायचं. हात दोन्हीकडे पसरून, श्वास धरून, तासच्या तास. आम्ही तिच्या अंगावर टाचण्या लावायचो, खडूने रेघा ओढायचो, तिच्या डोक्यावरून एकमेकींशी बोलायचो. टाचणी टोचली तरी पोरगी ब्र काढायची नाही. दुसरं कुठलं काम तिला येत नव्हतं आणि शिकायची गरजही वाटली नव्हती. उभं राहण्यावर तिचं घर चालायचं. नवऱ्याचं काम आज आहे तर उद्या नाही अशातलं, त्यामुळे चूल खरी तिच्याच जिवावर पेटायची.

'नव्या आईसाठी' हे खूळ साहेबांच्या डोक्यात आलं तेव्हा मीडियमला मूल नव्हतं. डिझायनर बाईंना नव्हतं. साहेबांना तीन होती, पण ती कशी वाढली हे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. गाऊन बघायचा म्हणून डिझायनर बाईंनी मीडियमच्या पोटाला उशी बांधली, छातीत कापसाचे गोळे कोंबले आणि म्हणाल्या, "कसं वाटतंय?"

"छान," मीडियम म्हणाली.

उशीला टाके कुठले आणि कापसाला पान्हा कुठला! पण गाऊन पास झाला. मला कुणी विचारलं नाही, आणि न विचारता बोलायचा पगार मला मिळत नाही.

मग तिलाच दिवस गेले. पोट दिसायला लागण्याआधी साहेबांनी घाईघाईने बाहेरचा माणूस बोलावला आणि तिच्या मापाची डमी करून घेतली. खांद्यापासून मांडीपर्यंत, बिनडोक्याची, बिनहाताची, लोखंडी दांड्यावर. मीडियम हौसेने उभी राहिली. आपला पुतळा उभारतायत असं तिला वाटलं असावं. ती रजेवर गेली आणि आठवडाभरात खोलीत कुणी "मीडियमला घाल गं" म्हटलं की डमीलाच गाऊन चढायला लागला. नाव गेलं, जागा गेली. मला त्या डमीकडे बघून शिसारी यायची. तिच्या कमरेवरचा तीळ तेवढा यायचा राहिला होता.

बाळंतपण झाल्यावर मी तिला भेटायला गेले. कारखान्याची भेट म्हणून तोच गाऊन माझ्याबरोबर दिला होता. त्यांचं घर म्हणजे दीड खोली. दोरीवर ओले कपडे, खुर्चीवर ओले कपडे, दाराच्या कडीवरही ओलं काहीतरी. मीडियम पलंगावर बसली होती, अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, त्याची दोनच बटणं शाबूत. छातीवर दोन ओले डाग, ताजे, आणि त्यांच्या खाली कालचे, वाळून कडक झालेले. शेजारची बाई येऊन "काय गं, अजून पोट उतरलं नाही?" असं विचारून चहा पिऊन गेली होती. बायकांच्या जिभेला हाड नसतं, पण या बाईच्या डोक्यातही काही नसावं.

"मावशी, माझं एकही कापड मला होत नाही," ती म्हणाली. "जुनं मांडीच्या वर चढत नाही. बाजारातून दोन आणले. एक डोक्यावरून काढल्याशिवाय पोरीला घेता येत नाही. म्हणजे दर वेळी उघडं बसायचं. दुसऱ्याचं कापड असं, की दूध सांडलं की पोटावरून ओघळत खाली जातं. मला माझाच वास येतो. आंबलेला. सगळ्याची घाण वाटायला लागली आहे."

मी खोकं पुढे केलं. तिने तो गाऊन ओळखला. घातला, कारण सासूबाई समोर बसल्या होत्या आणि भेट नाकारायची कशी? पोरगी रडायला लागली. एक हात पोरीखाली, तर चेन उघडायला दुसरा. पण ती मेली चेन शिवणीत अडकली, कापड धरून ठेवायला तिसरा हात हवा. पोरगी किंचाळून लालबुंद. शेवटी चेन उघडली आणि तिचा लोखंडी दात पोरीच्या गालावर ओरखडा उठवून गेला. तेवढ्यात पट्टा टाक्यांवर सरकला आणि मीडियमने जी शिवी दिली, ती तिच्या सासूबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखी केली.

"हे मी पास केलं होतं," ती म्हणाली. "छान म्हणाले होते मी."

मग शर्ट परत घालता घालता तिने खरं काय ते विचारलं. "साहेब मला परत घेतील ना?"

साहेब काय म्हणाले होते ते मला माहीत होतं. 'अंग जागेवर आलं की ये म्हणावं.' मी ते सांगितलं नाही. पण माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण तिने पुन्हा विचारलं नाही.

पुढे आमचे गाऊन परत यायला लागले. गोणीच्या गोणी. ज्या मोठ्या दुकानाने माल उचलला होता त्याने सगळा साहेबांच्या गळ्यात मारला आणि सांगितलं, हंगामाआधी नीट करून चार डिझाइनं द्या, नाहीतर यापुढे राम राम. गोण्या आमच्या खोलीत ओतल्या. काय तो वास! आंबट, कुबट, बंद डब्यात राहिलेल्या दुधाचा. कुणी चेन उसवून काढली होती, कुणी पट्टा कातरीने कापला होता, कुणी गळ्यापासून पोटापर्यंत टराटरा फाडून सेफ्टी पिना लावल्या होत्या. एकीने तर पट्ट्याचंच पोराला पुसायला फडकं केलं होतं. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"किती घाणेरड्या असतात या बायका," ते म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याने ते कापड निवडलं तो अत्तर लावून उभा, आणि घाणेरड्या कोण, तर ज्यांना ते अंगावर ओढावं लागलं त्या! मी गोणीतला एक गाऊन उचलून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि मशीनवर जाऊन बसले. डिझायनर बाईंनी तेव्हा पहिल्यांदा शहाणपणाचं वाक्य काढलं.

"साहेब, डमीवर तर बरोबर बसतोय. मीडियमला बोलावू या का? तिला आता मूल आहे."

मीडियम आली. सासूबाई पोरीला घेऊन जिन्यात बसल्या, कारण साहेबांना खोलीत पोर नको होतं. खोलीत पाऊल टाकताच मीडियमला ती डमी दिसली. तिने डमीच्या कमरेवर हात ठेवला, मग स्वतःच्या. नवीन सॅम्पल घालून हात पसरून उभी राहिली, सवयीने. कापड बदललं होतं, सुती होजिअरी घेतली होती, पण चेन तीच आणि पट्टाही तोच.

जिन्यातून पोरीचा आवाज आला. मीडियमच्या छातीवर दोन डाग उमटले आणि बघता बघता पसरले. डिझायनर बाई दोन पावलं मागे सरकल्या. साहेब खिडकीकडे बघायला लागले.

"हात वर ठेव," डिझायनर बाई म्हणाल्या. "हलू नकोस."

मीडियमने हात खाली घेतले, टेबलावरची माझी कातर उचलली आणि गाऊन छातीवर तिरका कापला. मग जिन्यात गेली, पोरीला घेऊन आली, माझ्या स्टुलावर बसली आणि पोरीला पाजायला घेतलं. एका हाताने. दुसरा हात मोकळा होता, त्याने ती मला दाखवत होती.

"मावशी, इथे एकावर एक दोन पदर घ्या. चेन नको, बटण नको. वरचा पदर बाजूला सारला की झालं. आतून टॉवेलच्या कापडाची घडी, बदलता येईल अशी. पट्टा काढून फेका. कंबर टाक्यांच्या वर घ्या. आणि खिसा. मला रुमाल ठेवायला जागा नाही, कुठे ठेवू, कानात?"

साहेब अजून खिडकीकडेच बघत होते. बाहेर बघण्यासारखं काय होतं, तर समोरच्या कारखान्याचा पत्रा.

ते सॅम्पल आम्ही फिरून फिरून शिवलं. ती रोज यायची, घालायची, बसायची, वाकायची, पोरीला घ्यायची, "नाही, इथे खुपतंय" म्हणायची. पूर्वी तोंडातून शब्द न काढणारी बाई, आता हिचं तोंड बंद होईना, आणि मला ते ऐकून गार वाटायचं. शेवटचा गाऊन चढवून ती खोलीत एक चक्कर मारून आली आणि भिंतीला टेकून चक्क रडली. म्हणाली, एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा कपडे घातलेत असं वाटतंय, नाहीतर नुसतं झाकून घेत होते.

दुकानाला तो पसंत पडला. उरलेली तीन डिझाइनंही अशीच द्या म्हणाले. साहेब एवढे खूश झाले की स्वतः सॅम्पलच्या खोलीत आले.

"मावशी, हिची आत्ताची सगळी मापं घ्या," ते म्हणाले. "उद्या डमीवाला येतोय. या मापाची दुसरी डमी करून घेऊ."

मी टेप काढली. मीडियमने हात पसरले. छाती घेतली, छातीखालचा घेर घेतला, मी पोटाकडे वळले.

"आणि डमी झाल्यावर मी?" तिने विचारलं.

"तू आता घरी आराम कर. पोर लहान आहे." साहेब हसले. "अंग जागेवर आलं की बघू. डमीचं कसं आहे, तिला रजा लागत नाही, तिचं पोर रडत नाही, कापडावर डाग पडत नाहीत. आम्हालाही सोपं."

एकदा हिची कंबर काढून घेतली, आता पोट काढून घेणार, आणि वर आराम कर म्हणणार.

मीडियमने हात खाली घेतले. "मग तिलाच विचारा कुठे खुपतंय ते," ती म्हणाली आणि टेपच्या बाहेर आली.

साहेबांचं हसू गेलं. पण ते धंद्यातले, ते तिच्याशी बोललेच नाहीत. माझ्याकडे वळले. "मावशी, रोज तुम्हीच हिच्या अंगावर शिवताय. मापं तुम्हाला पाठ असतील. सांगा डमीवाल्याला."

ती माझ्याकडे बघत होती. डिझायनर बाई माझ्याकडे बघत होत्या. छातीपासून घोट्यापर्यंत मीडियमचं एकेक माप माझ्या डोक्यात होतं, झोपेतून उठवलं असतं तरी धडाधड म्हटलं असतं.

"विसरले," मी म्हटलं.

"आत्ता घेतलेलं छातीचं माप?"

"तेही विसरले."

इतक्या वर्षांत माझं एक माप चुकलेलं नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. साहेब मला खाऊ की गिळू असे बघत राहिले. मी टेप गुंडाळून गळ्यात टाकली. डिझायनर बाई खाली बघून पुटपुटल्या, "साहेब, तीन डिझाइनं बाकी आहेत. नवीन बाई शोधायची तर हंगाम जाईल."

साहेबांनी रुमाल काढला, नाकाला लावला, पुन्हा खिशात ठेवला.

"सोमवारपासून ये," ते मीडियमला म्हणाले. "पगारावर. पण त्या पोरीला आणायचं नाही."

"ती येणार," मीडियम म्हणाली. "तिच्याशिवाय हे माप टिकत नाही."