पूजेत बसलेला स्टँड

आमच्या घराचं गेट अर्धं हिरवं आणि अर्धं गंजकं आहे, आणि ते तसंच राहणार आहे.

येणारे-जाणारे विचारतात, "काय हो, रंग संपला का?" रंग भरपूर आहे. ब्रशही आहेत, चांगले नऊ. आणि ते नऊच्या नऊ कुठे आहेत हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. सगळी अडचण तीच आहे!

मी मूळचा सांगलीचा. नोकरीनं म्हैसूरला आलो आणि इथल्याच मराठी घरात जावई झालो. मंजिरीचं माहेर पाच पिढ्या म्हैसूरचं. सासरे गेल्यापासून आम्ही सासूबाईंच्याच घरी राहतो. त्यांची मराठी मराठीच आहे, फक्त वाक्याच्या मधोमध कन्नड येऊन ऐसपैस बसतं. "अविनाशराव, सुम्ने कशाला त्रास घेता?" असं त्या म्हणाल्या की त्याचा अर्थ, उगाच हात लावू नका. हे वाक्य मला रोज सरासरी चार वेळा ऐकायला मिळतं.

कारण पसारा! रंगकामाची मला हौस फार आणि शिस्त शून्य. माझा एक ब्रश गच्चीवर, एक बाथरूमच्या खिडकीत, एक सासूबाईंच्या कॉफीच्या लोट्यात. (त्या दिवशी फिल्टर कॉफी हिरवी निघाली होती. तो विषय आमच्या घरात अजून काढत नाहीत.)

तर या दसऱ्याच्या आधी गेट रंगवायचं ठरलं आणि मी मंडी मोहल्ल्यात रंग आणायला गेलो. दुकानदारानं डबे बांधता बांधता फळीवरून एक वस्तू काढून समोर ठेवली. पत्र्याचा साधा स्टँड. खाली डबे बसतील अशी चार भोकं. वर धरायला मूठ. मुठीखाली एक पट्टी आणि पट्टीला ओळीनं खाचा. खाचेत ब्रशची मान अडकवायची की ब्रश अधांतरी, केस खाली, कशाला शिवत नाही, कशाला चिकटत नाही, वाकडा होत नाही! जास्तीचा रंग निपटायला आडवी तार. झाकण उघडायच्या पट्टीलासुद्धा स्वतःचा वेगळा हूक!

चंद्रावर यान पाठवलेलं बघून मी एवढा थक्क झालो नव्हतो. हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल? इतकं साधं, आणि चाळीस वर्षांत मला का सुचलं नाही? मी तो स्टँड मांडीवर घेऊन घरी आलो.

त्या रात्री घरातले सगळे ब्रश गोळा केले. गच्चीवरचा, खिडकीतला, पलंगाखालचे तीन. मंजिरीचा पापण्यांवर रेघ ओढायचा बारीक ब्रशसुद्धा आणून शेवटच्या खाचेत अडकवला, कारण एक खाच रिकामी दिसत होती.

"अहो, तो माझा आहे!"

"आता सगळ्यांचा आहे. बघ, कसा शोभतोय!"

सासूबाई आल्या. चष्मा लावून त्यांनी स्टँडभोवती एक फेरी मारली. एक ब्रश काढला, परत खाचेत अडकवला. पुन्हा काढला, पुन्हा अडकवला. "अय्यो, एष्टु चेंद!" म्हणाल्या. म्हणजे, किती सुंदर! आणि मग माझ्याकडे बघून, लग्नानंतर पहिल्यांदाच आदरानं, "तुम्ही आणलंत?"

माझी छाती फुगली. मी स्टँड उचलून धरला आणि घोषणा केली, "आई, आजपासून हेच माझं आयुध!"

हे वाक्य लक्षात ठेवा. सासूबाईंनी ठेवलं.

आता असं आयुध हातात आल्यावर माणूस नुसतं गेट रंगवून थांबतो होय? अर्धं गेट झालं आणि मला घरभर रंगवायच्या वस्तू दिसायला लागल्या. स्टूल रंगवलं. कुंड्या रंगवल्या. आणि अष्टमीच्या दिवशी माझी नजर राजावर गेली.

राजा म्हणजे गोंबेतला राजा. म्हैसूरला दसऱ्यात घरोघरी पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर लाकडी राजा-राणी. ही जोडी मुलीला लग्नात आई देते. सासूबाईंना त्यांच्या आईनं दिलेली, आणि त्यातही खास गोष्ट अशी, की या राजाला मिशी होती ती सासूबाईंच्या वडिलांची. अण्णांची. हुबेहूब! टोकाला जरा वर वळलेली, डावीकडे कणभर जास्त. सासूबाईंच्या थोरल्या बहिणीलाही अशीच जोडी मिळाली होती, पण ती वाळवीनं खाल्ली. अण्णांचा घरात फोटोही नाही. त्यामुळे मावशी दर नवमीला येलवालहून येतात, राजासमोर स्टूल घेऊन बसतात आणि वर्षभराचं सगळं अण्णांना सांगतात. वय वर्षं ब्याऐंशी, पण ही वारी चुकवत नाहीत.

आणि राजाच्या नाकाचा टवका उडालेला मला दिसला.

"आई, दहा मिनिटांचं काम आहे. नाकाला नुसता हात मारतो."

"सुम्ने कशाला..." सासूबाईंनी सुरुवात केली. मग त्यांचं लक्ष स्टँडकडे गेलं. नऊ ब्रश ओळीनं लटकलेले. त्यांचा चेहरा निवळला. "आयतु, ठीक आहे. एवढं नीटनेटकं करताय तर करा. पण जपून हां, माझे अण्णा आहेत ते."

मी नाकाला रंग लावला. नाक गालापेक्षा गोरं दिसायला लागलं. म्हणून गाल रंगवला. मग दुसरा गाल बिचारा एकटा पडला, म्हणून तोही. मग कपाळ. कपाळ करताना भुवया गेल्या, भुवया गेल्यावर डोळे ठेवून काय उपयोग, आणि हनुवटीकडे उतरताना वाटेत मिशी लागली. पाऊण तासात राजाचा चेहरा सोललेल्या उकडीच्या बटाट्याइतका गुळगुळीत झाला.

घाबरलो नाही. रंग वाळला की सकाळी बारीक ब्रशनं डोळे, भुवया, मिशी. मोबाईलवर राजाचा जुना फोटो होताच. राजाला गच्चीच्या खोलीत टोपलीखाली झाकला, ब्रश स्वच्छ धुऊन खाचेत अडकवले आणि निवांत झोपलो.

सकाळी उठलो तेव्हा घरात धूप दरवळत होता. नवमी! आयुधपूजा! हॉलमध्ये चौरंगावर विळी, कात्री, शिवणयंत्र, स्कूटरची किल्ली, आणि सगळ्यांच्या मधोमध, झेंडूची माळ घातलेला, नऊच्या नऊ ब्रशांना कुंकू लावलेला माझा स्टँड.

"तुमचा लॅपटॉप घेतला नाही हो," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. (गेल्या वर्षी लॅपटॉपची पूजा केली होती. संक्रांतीपर्यंत त्यातून अक्षता निघत होत्या.) "तुम्हीच म्हणालात ना, हेच माझं आयुध? मग यंदा मानाची जागा दिली!"

आमच्या सांगलीला खंडेनवमीला विळीची पूजा करतात आणि तासाभरात त्याच विळीवर भाजी चिरतात. इथे तसं नाही. पूजेत बसलेलं आयुध दशमीच्या सकाळपर्यंत विश्रांती घेतं. त्याला हात लावायचा नाही म्हणजे नाही. सुरीसुद्धा पूजेत असते, म्हणून त्या दिवशी आमच्याकडे हातानं मोडता येईल तेवढीच भाजी होते.

"आई, त्यातला एक बारीक ब्रश..."

"उद्या."

"पाचच मिनिटं. राजाचं जरा..."

"राजा कुठंय?"

मी वर बोट दाखवलं. त्या गच्चीवर गेल्या. मी मागे. त्यांनी टोपली उचलली. राजाच्या गुळगुळीत चेहऱ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अण्णा कुठं गेले?"

मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या राजाला पदरात घेऊन खाली बसल्या. "अक्का चारला येणार. ती तेवढ्यासाठीच येते हो, अविनाशराव. तिला काय दाखवू मी?"

"आई, मग काढू का ब्रश?"

त्यांनी मान हलवली. "पूजा मी हातानं मांडलीये. अण्णा स्वतः रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. नवमीला पान्याला हात लावायचे नाहीत. त्यांच्याच मिशीसाठी मी पूजा मोडू?"

पूर्वीचं घर असतं तर अंथरूण झटकलं असतं तरी एखादा ब्रश पडला असता! पण मी सगळं घर विंचरून ब्रश एका जागी आणले होते. आयुष्यात एकदा नीटनेटका वागलो, आणि हे फळ!

मी स्कूटर काढायला गेलो, तर तिची किल्ली पूजेत. बसनं मंडी मोहल्ल्यात पोचलो. बसच्या तोंडाला केळीचे खुंट बांधलेले, ड्रायव्हरच्या स्टिअरिंगला हार. रंगाचं दुकान उघडं होतं, पण ब्रशांचा अख्खा गठ्ठा गल्ल्यासमोर गंध लावून ठेवलेला. दुकानदारानं मला ओळखलं, हसून हात जोडले आणि म्हणाला, "नाळे बन्नि, सार." उद्या या. आणि हातात चुरमुऱ्यांच्या प्रसादाची पुडी ठेवली.

तिथून हिनकलला, ओळखीच्या पेंटरकडे. त्याची शिडी भिंतीला टेकून उभी, प्रत्येक पायरीला हळदीकुंकू. ब्रश शिडीच्या पायाशी झोपलेले. "सार, वर्षभर राबतात. एक दिवस झोपू दे," तो कन्नडमध्ये म्हणाला. आणि चुरमुरे. वाटेत न्हाव्याच्या दुकानात डोकावलो, दाढीचा ब्रश चालला असता. चुरमुरे!

परतीच्या बसमध्ये मी खिडकीतून बघत होतो. लेथ बंद, करवत बंद, पंक्चरवाल्याचा पंप माळ घालून उभा. अख्ख्या शहरानं आपापली हत्यारं खाली ठेवून त्यांना नमस्कार केला होता. मी ज्या ब्रशांना पंधरा वर्षं कॉफीच्या लोट्यात उभं केलं, त्यांच्यासारख्यांना इथे माणसं वाकून हात जोडत होती. खरं सांगतो, अंगावर काटा आला. घरी पोचलो तेव्हा माझ्याकडे तीन पुड्या चुरमुरे होते आणि ब्रश एकही नव्हता.

तीन वाजले होते. मंजिरी म्हणाली, "माझी आयब्रो पेन्सिल आहे बघा. ती पूजेत नाही."

मी कामाला लागलो. ऑइलपेंटवर पेन्सिल घसरते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एक डोळा चामुंडीच्या डोंगराकडे बघायला लागला, दुसरा हुणसूर रस्त्याकडे. भुवया दचकलेल्या. मिशी सावरायला गेलो तर ती दोन्हीकडून खाली आली. तेवढ्यात बेल वाजली आणि सासूबाईंनी राजाला तसाच वर नेऊन राणीशेजारी बसवला.

मावशी आल्या. पाय धुतले, स्टूल ओढलं, बसल्या, आणि हात जोडून मान वर केली. "अण्णा, यंदा की नाही..." आणि थांबल्या.

त्या स्टुलावरून पुढे वाकल्या.

"सुशे, हे अण्णा नव्हेत."

सासूबाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं. मी पुढे होऊन एका दमात सगळं सांगून टाकलं: नाक, गाल, कपाळ, मिशी. मावशींनी ऐकून घेतलं. मग राजाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा राजाकडे.

"घाबरलेला दिसतो गं बिचारा. दोन दिशांना बघतोय, मिशी पडलीये..." आणि एकदम मांडीवर थाप मारून, "अय्यो सुशे, हा तर तुझा जावई!"

मंजिरी आधी फुटली. मग सासूबाई. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या दोघी बहिणी, आणि त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं हे मला कळत होतं. मावशी त्या रात्री मुक्कामाला राहिल्या.

दशमीला सकाळी सासूबाईंनी पूजा उतरवली. मावशींनी फडकं तेलात बुडवलं आणि एका हातात राजाच्या तोंडावरचा माझा चेहरा पुसून टाकला. मग स्टँडसमोर बसल्या. नऊ ब्रशांवरून नजर फिरवली आणि बरोबर मंजिरीचा पापण्यांचा ब्रश उचलला. "मिशीचा रंग उडाला की आईच ती पुन्हा काढायची. तिचा हात थरथरायला लागला, तेव्हापासून मीच काढत होते. तुम्हाला कुणाला ठाऊक नाही." दोन डोळे. दोन भुवया. आणि मिशी, उजवीकडे एक फटकारा, डावीकडे एक, कणभर जास्त वर! ब्याऐंशी वर्षांचा हात, पण एकदाही पुसावं लागलं नाही. मी तोंड उघडं टाकून बघत होतो. मग त्यांनी ब्रश धुतला, पुसला, शेवटच्या खाचेत अडकवला आणि स्टूल पुढे ओढलं.

"हं. तर अण्णा, यंदा की नाही, तुमच्या नातजावयानं..."

पुढचा अर्धा तास माझ्यावरच होता. मी स्वयंपाकघरात चुरमुरे खात ऐकला.

बाकीची आयुधं त्याच दिवशी कामाला लागली. विळीनं भाजी चिरली, स्कूटर सुरू झाली. स्टँड मात्र सासूबाईंनी चौरंगावरून उचलला तो थेट देवघरात नेऊन ठेवला. रोज ताजं फूल वाहतात. गेटचं उरलेलं अर्धं करायचं म्हणून मी दर रविवारी विचारतो, "आई, काढू का आता?"

त्या हात जोडून, अगदी श्रद्धेनं सांगतात, "स्वल्प थांबा, अविनाशराव. तुमच्या आयुधाची पूजा अजून चालू आहे."