बोगदे टाळणारी रेघ

आओमोरीच्या इवाओ कुझुमाकीने जेवणाच्या बुटक्या टेबलावर जपानचा नकाशा पसरला आणि पेन्सिलीने किनाऱ्याकिनाऱ्याने रेघ ओढायला घेतली. होक्काइदोचे खेकडे, शिन्शूचे बर्फाळ डोंगर, शिकोकूची देवळं, पार खाली कागोशिमाचा धुमसता ज्वालामुखी. बायकोला, मित्सुयोला, हे सगळं दाखवीन असं तो लग्नापासून सांगत आला होता. त्याने स्वतः ते मुलूख पाहिले होते, पण आतून. उभा जन्म बोगदे खोदण्यात गेला. आता छातीत दगडाची धूळ साचली होती, नाकाला प्राणवायूची नळी होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, जायचं तर बर्फ पडायच्या आत. पुढच्या वर्षाचं बोलू नका.

रेघ पुढे सरकेना. बस, मग बोट, मग पुन्हा बस. एवढी चढउतर आपल्याला झेपणार नाही, हे त्याला कळत होतं. तरी तो खोडरबर घेऊन पुन्हा बसे. मित्सुयोला बोगद्यातून न्यायचं नाही, एवढा एकच हट्ट. डोंगराची देवी बाई. तिला आत दुसरी बाई खपत नाही. काम चालू असताना कुणाची बायको बोगद्याच्या तोंडापर्यंतही येत नसे.

"रोज हजारो बायका गाडीतून जातात," मित्सुयो म्हणाली. "तुमची देवी काय माझ्याच नावाने बोटं मोडत बसलीय?"

"त्यांच्या नवऱ्यांनी तिच्या पोटात सुरुंग नाही लावले."

"मग राहू द्या. मी टीव्हीवर बघते खेकडे."

ते त्याला लागलं. दुसऱ्या दिवशी तो एकटाच स्टेशनवर गेला आणि समुद्राखालच्या बोगद्यातून होक्काइदोला जाणाऱ्या गाडीची तिकिटं काढून आला. जिन्यावर बऱ्याचदा टेकावं लागलं.

निघायच्या सकाळी भात त्याच्या घशाखाली उतरेना, म्हणून तिने त्यावर मिसोचं सूप ओतलं. इवाओचा हात थांबला. पाळीवर जाणारा कुणी भातावर सूप घेत नसे. घेतलं की छत कोसळतं. हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगण्यात अर्थ नव्हता. त्याने वाडगा रिकामा केला.

गाडी समुद्राच्या दिशेने उतरू लागली. मित्सुयो लहान मुलीसारखी खिडकीशी वाकली होती. बोगद्याचं तोंड जवळ आलं तशी त्याची छाती घरघरू लागली.

आत शिरताना त्याच्या टोळीतला प्रत्येक जण देवीला नावं सांगे: परत बाहेर सोडायच्या माणसांची, स्वतःचं धरून. इवाओकडे एकाच नावापुरता श्वास होता.

"मित्सुयो," तो म्हणाला.

"काय हो?" तिने वळून विचारलं, तोवर अंधार झाला होता.