निळ्या घोड्यावरचा पुठ्ठा

मे महिन्यातला शेवटचा रविवार. अंगणात हजर: मी, माझा नवरा, सातपूरहून आलेला पत्रेवाला आणि जीपमागे जोडून न्यायची आमची जुनी कॅरॅव्हॅन. ती माझ्या थोरल्या दिरांनी बांधली होती. ते गेल्यावर आमच्याकडे आली आणि गेल्या पावसाळ्यात गळायला लागली.

पत्रेवाला रिव्हेट ओठांत धरूनच बोलायचा. बोटाच्या पेराने पत्रा ठोकत तो गाडीभोवती फिरला आणि जिथे आवाज बसका आला तिथे खडूने फुली मारली. प्रत्येक ठिगळ आधी द्राक्षाच्या पेटीच्या पुठ्ठ्यातून कापून लावून बघायचं, मगच पत्र्याला कात्री लावायची, ही त्याची पद्धत. दुपारपर्यंत एक सोडून सगळी ठिगळं बसली.

शेवटची फुली दिरांनी गाडीच्या बाजूला रंगवलेल्या निळ्या घोड्यावर होती. तिथला पत्रा पार सडला होता. पत्रेवाल्याने घोड्यावर पुठ्ठा धरला.

“भावाच्या हातचा आहे,” नवरा म्हणाला.

“बसवून टाका हो,” मी म्हणाले.

“ताई, तुमी थांबा. दादांना बोलू द्या.”

नवऱ्याने पुठ्ठ्याबाहेर राहिलेल्या शेपटीवर बोट ठेवलं. पत्रेवाल्याने ओठांतले रिव्हेट काढून खिशात टाकले.

“दादा, पुठ्ठा चिकटवून जातो. नजरेला सवय झाली की फोन करा. पन पाऊस लय थांबनार नाय.”

नवरा रोज सकाळी पुठ्ठ्याची कड उचलून बघतो आणि परत दाबून बसवतो. आज दुपारपासून आभाळ भरलं आहे. मी गाडीवर ताडपत्री बांधून घेतली. फोन त्यानेच करायचा आहे.